एकच नाव सांग

पुण्यातल्या एका पुस्तक भिशीत मावशी आणि भाची दोघीही आहेत. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम काढायची, जिचा नंबर लागेल तिनं त्या पैशांतून पुस्तकं घ्यायची आणि ती सगळ्यांत फिरवायची, असा तिथला साधा नियम. यंदा ठरलं की लहान मराठी कादंबऱ्या वाचायच्या, दोन-तीन बैठकांत संपणाऱ्या. वर्षाअखेरीस प्रत्येकीनं आवडीची एकच कादंबरी सांगायची आणि जिला सर्वांत जास्त मतं पडतील तिच्या प्रती मुलींच्या एका वसतिगृहाला द्यायच्या. मावशी मूळच्या अमरावतीकडच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. भाची पुण्यात वाढलेली, नोकरी सांभाळून रात्री वाचणारी. मतदानाच्या आदल्या आठवड्यात दोघींमध्ये झालेलं हे बोलणं.

भाची : मावशी, माझं ठरलंय. 'रणांगण'. तुझं?

मावशी : 'धग'. पण तुझं इतक्या लवकर कसं ठरलं? मला वाटलं होतं, चारही पुस्तकं पुढ्यात घेऊन बसशील.

भाची : त्यात एवढं काय बसायचं? 'बनगरवाडी' आवडली. 'धग' वाचताना जीव गुदमरला. 'पाचोळा'तल्या पारबतीचा आवाज अजून कानात आहे. पण 'रणांगण' संपलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागेना. जे पुस्तक असं धरून ठेवतं, ते आवडतं. कारणं मागाहून शोधायची असतात, लोकांना सांगण्यापुरती.

मावशी : 'रणांगण' तू सगळ्यांत शेवटी वाचलंस ना?

भाची : हो. गेल्याच पंधरवड्यात.

मावशी : म्हणून विचारते. शेवटी वाचलेलं पुस्तक नेहमीच सगळ्यांत मोठ्यानं बोलतं. 'बनगरवाडी' तू पावसाळ्याच्या सुरुवातीला वाचलीस. तेव्हा मला रात्री दहाला फोन करून त्या शेकूच्या बायकोबद्दल किती वेळ बोलत होतीस! आज ती बिचारी मागं पडली. तिचं काय चुकलं? मध्ये चार महिने गेले, एवढंच ना?

भाची : म्हणजे ताजं वाचलेलं आवडूच नये?

मावशी : आवडावं की. पण एकच नाव सांगायचं असेल तर चारही जणींना एका पंगतीला बसवायला हवं. त्यासाठी ताजेपणाचा भाग वजा करावा लागतो. मी एक करते. ज्या पुस्तकाचं नाव घ्यायचं, त्यातली दोन-तीन पानं पुन्हा उघडते. पहिल्या वाचनात पुढं काय होणार या ओढीनं आपण पळत असतो. दुसऱ्यांदा ती ओढ नसते. तरीही हात पान सोडत नसेल, तर ते लेखनाचं बळ.

भाची : मी 'रणांगण' तसंच पुन्हा उघडलं. शेवट ठाऊक असूनही वाचत राहिले. उलट शेवट ठाऊक असल्यामुळे सुरुवातीची डेकवरची हसणीखिदळणीही वेगळी वाटायला लागली.

मावशी : मग सांग. तुझ्या वकिलीनं सांग. मी विरुद्ध बाजूनं बोलते.

भाची : पहिली गोष्ट त्याचं वर्ष. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षाची. आज आपण नाझींच्या छळावर शेकडो पुस्तकं वाचतो, सिनेमे बघतो, त्यामुळे आपल्याला सगळं माहीत असतं. बेडेकरांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. छळछावण्यांचा पुरता हिशेब जगासमोर यायला अजून पाच-सहा वर्षं होती. तरी हा माणूस एका बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू बसवतो, त्यांच्यात हेर्टा नावाची तरुणी ठेवतो आणि तिच्यासमोर युरोपातून घरी परतणारा चक्रधर विध्वंस नावाचा तरुण आणतो. मराठी कादंबरी त्या काळात घर, वाडा, कॉलेज, सुधारणा यांत रमली होती. ही एकदम जगाच्या भर रस्त्यावर येऊन उभी राहते.

मावशी : विषय मोठा म्हणून कादंबरी मोठी होत नाही. त्या काळातली बोट ही गोष्ट तरी नीट सांग मला. ज्यू लोक आशियाकडं का निघाले होते?

भाची : कारण बाकीची दारं बंद होत होती. १९३८च्या नोव्हेंबरात जर्मनीत एका रात्रीत प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, हजारो पुरुष उचलून छावण्यांत टाकले गेले. त्यानंतर जो तो बाहेर पडायला धडपडत होता. पण एकेक देश व्हिसा नाकारत होता. शांघाय हे असं एक बंदर होतं की तिथं उतरायला व्हिसा लागत नसे. जिनोआ आणि त्रिएस्तहून इटालियन बोटी सुटायच्या. सुएझमधून मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला पोचायच्या. हजारो ज्यू त्या वाटेनं गेले. म्हणजे आपल्या मुंबई बंदरावरून ही माणसं पुढं सरकत होती. मला हेच फार लागलं. चक्रधरला मुंबईला उतरायचंय, त्याच्यासाठी हे घर आहे. हेर्टाला इथं उतरता येत नाही. एकाच बोटीवर, एकाच डेकवर, दोघांमधला सगळा फरक बंदराचा आहे. आणि बेडेकर तो फरक आधी सांगत बसत नाहीत. प्रेम जमेपर्यंत तो आपल्याला जाणवूही देत नाहीत. मुंबई जवळ यायला लागते तशी आपली छाती धडधडायला लागते.

मावशी : हे चांगलं बोललीस. पण आता माझा प्रश्न ऐक, आणि तो मी तावातावानं विचारणार आहे. चक्रधरला आधी एका मुलीकडून, उमाकडून, चटका बसलेला. म्हणून त्याच्या मनात बायकांबद्दल कडवटपणा. तो हेर्टाच्या जवळ जातो तेव्हा त्या कडवटपणाचं सावट असतंच. मग तिचं प्रेम खरं ठरतं, तो उतरून जातो आणि ती समुद्रात उडी टाकते. मला सांग, एका पुरुषाला माणसात आणायला एका बाईला जीव द्यावा लागतो, अशीच ही गोष्ट नाही का? कितीतरी सिनेमांत पाहिलीय आपण. नायक शहाणा होतो आणि नायिका जाते.

भाची : मीही हाच प्रश्न स्वतःला विचारला. पहिल्या वाचनात मलाही राग आला होता. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की चक्रधर शहाणा होत नाही. निदान आपल्याला तसं आश्वासन मिळत नाही. तो शहाणा झाला, पश्चात्तापानं शुद्ध झाला असं दाखवून लेखकानं त्याला सोडवलं असतं तर तू म्हणतेस ते खरं ठरलं असतं. इथं तो सुटत नाही. सगळं आपण त्याच्याच नजरेतून पाहतो, आणि तरी आपण त्याच्या बाजूनं राहत नाही. हळूहळू आपली बाजू बदलते. सुरुवातीला त्याच्या दुःखाची कीव येते, पुढं पुढं वाटतं, अरे, तुझं दुःख ते काय! समोर बसलेल्या माणसाला देशच उरलेला नाही, आणि तू अजून एका मुलीनं नाकारल्याचा सल कुरवाळत बसलायस. हे लेखक बोलून दाखवत नाही. बोटीवरची माणसंच ते करतात.

मावशी : म्हणजे तुझ्या मते कादंबरी चक्रधरला दोषी धरते.

भाची : दोषी धरते, पण झिडकारत नाही. त्याला जेवढा समजून घ्यायला हवा तेवढा घेते, आणि माफही करत नाही.

मावशी : बघ, आता तू माझ्या कसोटीवर आलीस. मी कादंबरी याच मापानं मोजते. ज्या माणसाला झोडपणं लेखकाला सगळ्यात सोपं असतं, त्याच्याशी तो कसा वागतो? नायिकेशी सगळेच चांगले वागतात. कष्टाळू आईवर कुणीही सुंदर लिहील. पण ज्याच्यावर वाचकाचा राग सहज ढकलता येईल, त्याचं काय?

भाची : 'धग'मधला महादेव.

मावशी : महादेव. शिंप्याच्या घरात जन्मलेला, हातात कला असून कामाला न लागणारा. घर चालवायची ताकद त्याच्यात नाही, निर्णय घ्यायची हिंमत नाही. सगळं बायकोच्या, कौतिकच्या अंगावर. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६०ची. त्या काळात, आणि आजही, असा नवरा रंगवायचा म्हटलं की त्याला खलनायक करून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. शेळक्यांनी तसं केलं नाही. महादेव दुबळा आहे, आणि दुबळेपणा हा दुष्टपणापेक्षा सहन करायला कठीण असतो, कारण दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. पुढं त्याला महारोग होतो. तिथं तर लेखकाला किती सोपं होतं, की कर्माचं फळ मिळालं. ती ओळ शेळक्यांच्या लेखणीतून उतरत नाही. आजार आजारासारखा येतो, आणि त्याचा भार पुन्हा कौतिकच वाहते.

भाची : पण मावशी, मला 'धग' वाचताना एक अडचण आली, ती सांगू? संकटांवर संकटं. नवरा असा, मोठा मुलगा भीमा हाताबाहेर गेलेला, नामाची शाळा, पैसा नाही, मदत नाही. शेवटी कौतिकचं डोकं फिरतं. मला वाटायला लागलं की लेखक तिच्या वाटेत एकेक दगड आणून ठेवतोय. 'रणांगण'मध्ये संकट एकच आहे, पण ते सगळ्या जगाचं आहे. 'धग'मध्ये मात्र मी मधेच पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. आवडतं पुस्तक असं मिटावंसं वाटतं का?

मावशी : माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत कौतिकसारख्या तीन-चार बायका होत्या. कुणाची शिलाई, कुणाचं कांडप, कुणी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची. त्यांच्या घरी संकटं अशीच रांगेनं यायची, कारण गरिबीत एक संकट दुसऱ्याला हाताला धरून आणतं. पैसा नाही म्हणून मुलाची शाळा सुटते, शाळा सुटली म्हणून मुलगा उनाडतो, मुलगा उनाडतो म्हणून बाई जास्त राबते, जास्त राबते म्हणून खचते. ही दगडांची रास लेखकानं आणून टाकलेली नाही. एक दगड सुटला की पुढचे आपसूक घरंगळतात. पुन्हा वाच आणि बघ, प्रत्येक संकटाचं मूळ आधीच्या पानांत सापडतं की नाही.

भाची : ते मान्य. पण तू वऱ्हाडातली आहेस. 'मले', 'तुले', 'काहून' हे तुझ्या माहेरचे शब्द. संवाद वाचताना तुला आई-आजी बोलल्यासारखं वाटलं असणार. मी पुण्यात वाढले, मला ते सुख नाही. मग तुझी निवड 'धग'ची की माहेरची?

मावशी : हा प्रश्न भिशीत कुणी तरी विचारणारच होतं, तूच विचारलास ते बरं. हो, जीव लागतो. पण आपल्या बोलीत लिहिलेल्या पुस्तकाला आपण सवलत देतो, हे मला पटत नाही. उलट आपणच त्याचे सगळ्यात कडक परीक्षक असतो. तुला वऱ्हाडी संवादात कृत्रिम सूर कळणार नाही, मला एका शब्दावरून कळेल. शिक्षकी पेशात मी कितीतरी गोष्टी वाचल्या, ज्यात लेखकानं 'मले-तुले' पेरून वऱ्हाडी झाल्याचं समाधान मानलंय, आणि वाक्याची चाल मात्र शहरी. 'धग'मध्ये चाल खरी आहे. कौतिक रागावते तेव्हा वाक्य तुटतं कुठं, थांबतं कुठं, हे मला आतून तपासता आलं. माझ्या निवडीत माहेर आहे, पण साक्षीदार म्हणून. न्यायाधीश म्हणून नाही.

भाची : छान. मग आता 'पाचोळा'शी तुलना कर. कारण तीही शिंप्याच्याच घरची गोष्ट आहे, आणि भिशीत कुणाच्याच लक्षात आलं नाही की आपण एका वर्षात दोन शिंप्यांच्या घरांत जाऊन आलो.

मावशी : हे तू फार नेमकं पकडलंस. रा. रं. बोराडेंची 'पाचोळा' १९७१ची. 'धग'नंतर अकरा वर्षांनी आलेली. गावही दुसरं, मराठवाड्यातलं. गंगाराम शिंपी आणि त्याची बायको पारबती. आणि सांगणारी पारबती स्वतः.

भाची : तिथंच सगळा फरक पडतो ना? 'धग'मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात, पण गोष्ट सांगणारा प्रमाण मराठीत सांगतो. 'पाचोळा'त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पारबतीच बोलते, तिच्याच बोलीत. निवेदक म्हणून कुणी शहाणा माणूस मध्ये नाही. मला सुरुवातीची दहा पानं जड गेली, पण नंतर असं झालं की पारबती शेजारी येऊन बसलीय आणि मी फक्त हुंकार देतेय.

मावशी : आणि त्यामुळे काय होतं बघ. पारबतीला जे दिसतं, जे कानावर येतं, तेवढंच आपल्याला कळतं. गावातल्या बड्या माणसांशी गंगारामचं बिनसतं, तो माघार घ्यायला तयार नसतो, आणि ती माणसं त्याच्या घरावर सूड उगवत जातात. पण ते राजकारण आपण चावडीवर बसून पाहत नाही. ते तुकड्यांनी घरात येतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून, मुलाच्या वागण्यावरून, शेजारणीच्या बोलण्यावरून. बाईला जेवढं कळू दिलं जातं तेवढ्यावरच तिला घर वाचवायचंय. बोराडेंनी निवेदन पारबतीच्या हाती दिलं, त्यामुळे ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही.

भाची : मग हीच कसोटी लाव. गंगारामला झोडपणं सोपं होतं. घर बुडतंय आणि हा हट्ट धरून बसलाय.

मावशी : आणि पारबती त्याला शिव्याही देते, त्याच्या हट्टानं घाबरतेही, तरी त्याच्या हट्टात गरीब माणसाचा मान आहे हे तिला कळतं. म्हणून तुला खरं सांगते, माझ्या मनात शेवटपर्यंत 'धग' आणि 'पाचोळा' यांच्यातच झुंज होती. बोराडे २०२५च्या फेब्रुवारीत गेले, त्यानंतर मी 'पाचोळा' पुन्हा काढली, तेव्हा काही दिवस तीच पुढं होती.

भाची : मग 'धग'नं बाजी कशी मारली?

मावशी : पारबतीच्या तोंडून ऐकताना आपण पारबतीच्या आत असतो. तिच्यावर माया करण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही. 'धग'मध्ये निवेदक बाहेर उभा आहे, म्हणून तो कौतिकलाही बाहेरून पाहू शकतो. तिचा ताठा, तिची जीभ, तिचा आपलंच खरं करण्याचा स्वभाव, हेही दिसतं. तिला देवी करून मखरात बसवलेलं नाही. आणि तरी ती आपल्याला सोडवत नाही. कष्टाळू बाईच्या चुकाही दाखवायच्या आणि तिचं मोठेपण तसूभरही कमी होऊ द्यायचं नाही, हे मला मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडलं.

भाची : पण मग मी तुझ्याच कसोटीवर 'बनगरवाडी' ठेवते. तिथं झोडपायला कोण सोपं? आनंदा रामोशी. चोर. पण लेखक माडगूळकर त्याला असा दाखवतात की तो चोरी करतो आणि विचारलं तर लपवतही नाही. मग दादू बालट्या, जो मास्तरविरुद्ध कारभाऱ्याचे कान भरतो. मग आयबू, ज्याला ना घर ना दार, जो शाळेशीच जोडला जातो. सगळ्यांकडं लेखक एकाच शांत नजरेनं बघतो. तिथं कुणावर राग नाही की कुणाचं कौतुक नाही. औंध संस्थानातली ती धनगरांची वाडी, पाच-पंचवीस खोपटी, आणि नव्यानं आलेला तरुण मास्तर. १९५५मध्ये असं लिहिणं!

मावशी : आणि तुझी शेकूची बायको.

भाची : हो, ती. बैल एकच आहे आणि पेरणी तर करायचीय. दुसऱ्याचा बैल मिळत नाही. मग जूच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. धिप्पाड, ताकदीची बाई. ती औत ओढते. दुसरा कुणी लेखक असता तर तिथं थांबून चार वाक्यं हळहळला असता. माडगूळकर हळहळत नाहीत. मास्तर बघतो, आपल्याला दाखवतो आणि गोष्ट पुढं जाते. आपणच मागं वळून पाहत राहतो. तसंच ते रामा धनगराचं. त्यानं वर्षानुवर्षं साठवलेले राणीच्या शिक्क्याचे रुपये तो मास्तरपुढं आणून ओततो, बदलून द्या म्हणतो. कारण मास्तर शिकलेला, त्याला बाहेरचं जग कळतं. त्या एका प्रसंगात सबंध वाडीचा मास्तरवर बसलेला विश्वास आहे. विश्वास बसला असं वाक्य लिहायची गरजच उरत नाही.

मावशी : इतकं सगळं बोलतेस, मग 'बनगरवाडी'चंच नाव का नाही घेत?

भाची : कारण सगळ्याच तिचं नाव घेणार आहेत. मी चौकशी केली. कुणाचं पहिलं 'पाचोळा', कुणाचं 'रणांगण', दोघींचं 'धग'. पण दुसऱ्या क्रमांकावर प्रत्येकीचं 'बनगरवाडी'. आणि ज्यांचं ठरत नाही त्या सरळ 'बनगरवाडी' म्हणणार. ती जिंकणार हे नक्की. मला ती कुणालाच न दुखावणारी निवड वाटते. वसतिगृहाला द्यायला सोयीची. त्यात ना आत्महत्या ना वेड.

मावशी : थांब. इथं मात्र तू तिच्यावर अन्याय करतेस. 'बनगरवाडी' सोयीची आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती अर्धीच लक्षात ठेवलीय. शाळा भरते, तालीम उभी राहते, औंधचे राजे पंतसरकार येतात, सगळं गोड. पण त्यानंतर दुष्काळ येतो. मेंढरं मरतात, एकेक घर उठतं, वाडी रिकामी होत जाते. आपण ज्यांना नावानं ओळखायला लागलो, ती माणसं डोळ्यांदेखत पांगतात. आणि जी तालीम गावानं स्वतःच्या हातांनी बांधली, तीही तिथंच राहते. त्यात एका बाईचं वेड नाही, पण एका आख्ख्या गावाचं मोडणं आहे. ते हळू आवाजात सांगितलंय म्हणून सोपं समजू नकोस.

भाची : हे खरं. मी शेवट वाचून गप्प बसले होते. पण मग एक सांग, सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या हातात काय द्यावं? 'रणांगण'मध्ये हेर्टा जीव देते, 'धग'मध्ये कौतिक वेडी होते. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींना आपण हेच द्यायचं? माझं मन इथं डळमळतं.

मावशी : माझं नाही डळमळत. त्या वसतिगृहातल्या अर्ध्या मुलींनी घरी कौतिक पाहिलेली आहे. काहींच्या आईचंच नाव कौतिक असेल. त्यांना पुस्तकात ती बाई प्रथमच भेटेल, तीही कीव न करता, सजवून न मांडता. आपल्या आईचं आयुष्य कादंबरी होण्याइतकं मोलाचं आहे हे कळणं ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट! मी शिकवत असताना पाहिलंय, मुलींना दुःखाचं वाङ्मय झेपतं. त्यांना झेपत नाही ते खोटं समाधान. अट एकच, पुस्तक देऊन मोकळं व्हायचं नाही. जाऊन त्यांच्याशी त्यावर बोलायचं.

भाची : मग त्याच न्यायानं 'रणांगण'ही द्यावं. घरदार, देश, नाव सगळं हिरावून घेतलेली मुलगी काही वेळ बोटीवर हसते, नाचते, प्रेम करते. आज जगात किती माणसं अशी बोटींत बसलीयत! आणि इतकं लांब कशाला, आपल्याकडं धरणात गावं गेली, माणसं उठली. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, तेही धरणग्रस्तांचंच पुस्तक. जुन्या गावात मागं राहिलेली, रानटी झालेली म्हैस परत आणायला माणूस जातो. मी ते यंदाच्या यादीत घाला म्हणत होते, तू नको म्हणालीस.

मावशी : नको नाही म्हटलं, पुढच्या वर्षी म्हटलं. मी ते एकदा वाचलंय, दुसऱ्यांदा वाचायचंय. नवीन पुस्तकाबद्दल सगळे बोलत असतात तेव्हा आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. पण तुझा धागा बरोबर आहे. 'रणांगण', 'बनगरवाडी', 'रिंगाण', तिन्हींत माणसं आपल्या जागेवरून उठतात. असं एकापुढं एक ठेवून वाचलं की प्रत्येक पुस्तक दुसऱ्याचं काहीतरी उघड करतं. 'रिंगाण' वाचल्यावर मला बनगरवाडीतली मेंढरं नव्यानं आठवली.

भाची : म्हणजे निवड करताना हरलेली पुस्तकंही वाढतात.

मावशी : वाढतातच. म्हणून तर मी म्हणते, एकच नाव सांग. 'सगळीच चांगली आहेत' असं म्हणणाऱ्या बाईला कारणं द्यावी लागत नाहीत, आणि कारणं द्यावी लागली नाहीत की पुन्हा पुस्तक उघडावं लागत नाही. तू सुरुवातीला म्हणालीस, लक्ष लागेना म्हणून 'रणांगण'. गेल्या तासाभरात तूच मला बंदराचा फरक सांगितलास, चक्रधरला कादंबरी माफ करत नाही हे सांगितलंस. हे एक नाव घ्यायचं ठरलं म्हणून तुला सुचलं.

भाची : पण मत तर एकच मोजलं जाणार. आणि जिंकणार 'बनगरवाडी'. मग आपण दोघींनी तिलाच मत दिलं तर काय बिघडलं? आपलीही दुसरी तीच आहे.

मावशी : बिघडणार. मतं मोजून प्रती कुणाच्या द्यायच्या ते ठरेल, ठरू दे. 'बनगरवाडी' गेली तर मला आनंदच आहे. पण त्या खोलीत आपण काय बोललो ते मतांहून जास्त दिवस राहतं. मी 'धग'चं नाव घेऊन महादेवाबद्दल बोलले, तर कुणी तरी एक जण ती घरी नेईल. मी जिंकणाऱ्या पुस्तकाला हात वर केला, तर 'धग'च्या वतीनं बोलायला त्या दिवशी कुणीच नसेल. आवडत्या पुस्तकाला एवढं तरी आपण देणं लागतो.

भाची : ठीक. मग मी 'रणांगण'च सांगते. माझं ऑफिसात लक्ष लागेना हे नाही सांगणार. चक्रधर मुंबईला उतरतो, तिथून बोलायला सुरुवात करीन, आणि कादंबरी त्याला तिथं का सोडत नाही ते सांगीन. तू आत्महत्येचा प्रश्न सगळ्यांसमोर विचार, अगदी आज विचारलास तसा. मला त्याचं उत्तर सगळ्यांसमोर द्यायचंय.

मावशी : विचारीन. आणि तू मला काय विचारशील?

भाची : कौतिकच्या हट्टाबद्दल. तिच्या हट्टानं घर किती सावरलं आणि किती मोडलं, याचा हिशेब मागीन. तू तिच्या बाजूची आहेस, म्हणून तुला तो द्यावाच लागेल.

मावशी : देईन. पण आधी मला पुस्तक परत दे. दोन महिने झाले, ते तुझ्याकडेच आहे.